स्पर्धा कायद्याचा वकील आपल्या जिल्ह्यात कसा शोधायचा?

सांगलीतल्या औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे. एका कंपनीने त्यांना स्टॉकिस्ट नेमायचं ठरवलं, अनामतही घेतली, पण जिल्ह्यातल्या व्यापारी संघटनेचं ना-हरकत पत्र आणल्याशिवाय माल सोडत नाही. संघटना पत्र देत नाही आणि नाकारल्याचं लेखीही देत नाही. त्यांच्या नेहमीच्या वकिलांनी हात वर केले: 'हा स्पर्धा कायद्याचा मामला आहे, दिल्लीचा वकील बघा.' तर अशा कामाचा वकील जवळपास मिळतो का, तो कसा ओळखायचा, की थेट दिल्लीच गाठायची?

मी मुंबई-पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतो. माझं मत आधीच सांगतो. दिल्लीचा वकील लागेल तेव्हा लागेल, पण तुमचं प्रकरण उभं राहणार की नाही हे सांगलीतल्या कागदांवर ठरणार आहे. म्हणून पहिला वकील तुमच्या दुकानात येऊन फायली चाळू शकेल असाच हवा.

असं का, ते भारतीय स्पर्धा आयोगाच्या कामाच्या पद्धतीत आहे. स्पर्धा कायदा, २००२ खालचे वाद दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. कलम ६१ ने तो रस्ता बंद केलेला आहे. ते ऐकतो भारतीय स्पर्धा आयोग, आणि तो बसतो नवी दिल्लीत. मुंबईत त्याचं प्रादेशिक कार्यालय आहे, पण निकाल दिल्लीतच होतो. तुम्ही कलम १९ खाली माहिती दाखल करता. ती वाचून प्रथमदर्शनी काही दिसलं तर आयोग कलम २६(१) खाली महासंचालकांना, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना, चौकशीचा आदेश देतो. नाही दिसलं तर २६(२) खाली फाईल बंद. पहिल्याच पायरीवर बंद होणारी प्रकरणं भरपूर आहेत. या पायरीवर समोरच्याला नोटीस मिळण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सांगितलं. आयोग दोन्ही बाजूंना प्राथमिक चर्चेसाठी बोलावू शकतो, पण साक्षी, उलटतपासणी असं काही नसतं. टेबलावर असतात ते तुम्ही जोडलेले कागद. तिथे दिल्लीतल्या मोठ्या वकिलाचं वक्तृत्व कामी येत नाही.

तुमची अडचण कायद्याला नवी नाही. गोव्यात वार्का ड्रगिस्ट अँड केमिस्ट आणि इतरांनी तिथल्या औषध विक्रेता संघटनेविरुद्ध असाच विषय नेला होता. स्टॉकिस्ट नेमायला संघटनेचं ना-हरकत पत्र लागणं, नफ्याचं प्रमाण संघटनेने ठरवणं, या गोष्टी आयोगाने जून २०१२ च्या आदेशात कलम ३ चा, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या करारांवरच्या बंदीचा, भंग ठरवल्या. पुढच्याच वर्षी अखिल भारतीय संघटनेविरुद्धही असाच निष्कर्ष आला. त्यामुळे 'संघटना ना-हरकत पत्राची सक्ती करू शकते का' यावर वकिलाने तास घालवायची गरज नाही. 'तुमच्या बाबतीत सक्ती झाली हे कशावरून' हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर दिल्लीत कुणाकडेच नाही.

या कामातला जाणता वकील पहिल्या भेटीत कलमं वाचून दाखवत नाही, तारखा मागतो. कंपनीला ऑर्डर कधी दिली, मेलवर की फोनवर? एरिया मॅनेजरने काय उत्तर दिलं, नेमक्या त्याच शब्दांत? 'एनओसी आली की बिलिंग चालू करू' असा एका ओळीचा मेसेज तुमच्याकडे असेल तर तुमच्या फाईलमधला सर्वांत मोलाचा कागद तोच, कारण त्यात कंपनीचा नकार आणि संघटनेची अट एकाच वाक्यात आली आहे. फोनवरच बोलणं झालं असेल तर आता मेल टाका: 'अमुक तारखेला फोनवर आपण असं सांगितलंत, त्यानुसार माल थांबला आहे, कृपया खुलासा करावा.' उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुमचा मेल तारखेसकट राहतो. संघटनेकडे केलेल्या अर्जाची पोच नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पुन्हा पाठवा. ज्या महिन्यात तुम्हाला 'स्टॉक नाही' म्हणाले, त्याच महिन्यात दुसऱ्या स्टॉकिस्टकडे तोच माल गेल्याची बिलं दाखवणारा किरकोळ दुकानदार शोधा. संघटनेचं परिपत्रक, सभेचं इतिवृत्त, ना-हरकत पत्रासाठी घेतलेल्या पैशांची पावती, हे सगळं गावातल्या माणसांकडे असतं आणि ते गावातल्या माणसावर विश्वास ठेवूनच देतात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, तेही या वकिलाच्या नजरेखालून गेलेलं बरं.

मोबाइलबद्दल एक सूचना. ज्या फोनवर मेसेज आले तो विकू नका, त्यातला मजकूर पुसू नका. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आयोगापुढे पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर नसले, तरी प्रकरण अपिलात गेलं की याच गोष्टीवर बोट ठेवलं जातं. नुसते स्क्रीनशॉट छापून आणणाऱ्या अशिलाला मी नेहमी परत पाठवतो आणि मूळ फोन घेऊन यायला सांगतो.

मारुतीच्या प्रकरणाची सुरुवात कशातून झाली पाहा. २०१७ मध्ये आयोगाला डीलर असल्याचं सांगणाऱ्या कुणाचातरी निनावी मेल आला: मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातल्या डीलरांना कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त सूट ग्राहकाला देता येत नाही. चौकशीत कंपनी आणि डीलर यांच्यातले मेल समोर आले, गिऱ्हाईक बनून डीलरची परीक्षा घेणाऱ्या एजन्सी समोर आल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटी रुपयांचा दंड झाला. पुढे ते अपिलात गेलं. निनावी मेल करा असा सल्ला मी देत नाही. कंपनी देशभर पसरलेली असली तरी पुरावा एका विभागातल्या रोजच्या पत्रव्यवहारात पडलेला असतो, एवढंच यातून घ्यायचं.

तक्रार करणारा स्वतः पीडितच असावा लागतो, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये समीर अगरवाल प्रकरणात ते स्पष्ट केलं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांमधली साटंलोटं नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या संस्थेने आयोगाकडे नेली. त्यात २०१८ मध्ये दंड झाला. सूड उगवला जाण्याची भीती असलेल्या व्यापाऱ्याला असा दुसऱ्या कुणामार्फत जाण्याचा मार्ग मोकळा आहे. आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंतीही आयोगाला करता येते. पण तुमच्या प्रकरणात तिचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. जिल्ह्यात या कंपनीचा नवा स्टॉकिस्ट कोण होणार होता हे सगळ्यांना माहीत आहे.

आता वकील निवडण्याआधी आपला वाद नक्की कोणत्या कायद्याचा आहे ते तपासा. मोठी कंपनी पैसे थकवते, ही तक्रार घेऊन 'मक्तेदारी' म्हणत येणारे उद्योजक मला सारखे भेटतात. ते काम सूक्ष्म-लघू उद्योगांच्या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेचं आहे. डीलरशिप रद्द केली, ठेव बुडवली, हा बहुधा कराराचा वाद असतो आणि करारात लवादाचं कलम असतं. एकाच कंपनीने एकाच डीलरला त्रास दिला म्हणून स्पर्धा कायदा लागू होत नाही. कलम ४ लावायचं तर त्या बाजारात तिचं वर्चस्व दाखवावं लागतं आणि तो बाजार कोणता यावरच निम्मी लढाई जाते. 'तुमची केस इथली नाही' असं पहिल्याच भेटीत सांगणारा वकील मिळाला तर त्याचे आभार माना, त्याने तुमची दोन वर्षं वाचवली.

आणि अनुचित स्पर्धेचा जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, म्हणजे तुमच्या मसाल्याच्या पुडीची, लेबलची, नावाची नक्कल, तो तर आयोगाचा विषयच नाही. तो ट्रेडमार्क कायद्याचा आणि पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा, दावा. नोंदणीकृत मार्कच्या उल्लंघनाचा दावा कलम १३४ मुळे तुम्ही जिथे धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. नोंदणी नसेल आणि फक्त पासिंग ऑफ असेल तर ही सवलत नाही. प्रतिवादी जिथे आहे किंवा नकली माल जिथे विकला गेला तिथे जावं लागतं. वादाची किंमत ३ लाख रुपये किंवा जास्त असेल तर प्रकरण व्यापारी न्यायालयाकडे जातं. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात पक्कं केलं. या कामाला दिल्लीच काय, मुंबईचाही वकील लागत नाही, मात्र ट्रेडमार्कचं काम नेमाने करणारा हवा. न्यायालयाने नकली मालाची पाहणी करायला कमिशनर नेमला तर त्याच दुपारी गोदामावर त्याच्यासोबत उभा राहणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

मग शोधायचं कसं? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ ने बंदी आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच माहिती देता येते. त्यामुळे 'महाराष्ट्रातले सर्वोत्तम दहा' अशा याद्यांना अर्थ नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन सेवांवर कारवाई करायला सांगितलं, ते याच नियमाच्या आधारावर.

खरी यादी आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत पडून आहे. तिथे कलम २७ खालचे अंतिम आदेश उघडा. कोणत्या पक्षातर्फे कोण वकील हजर होते ते बहुतेक आदेशांत नावानिशी दिलेलं असतं. तुमच्या प्रकारची, म्हणजे व्यापारी संघटनांविरुद्धची प्रकरणं निवडा आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या पक्षांकडून कोण उभं होतं ते टिपून घ्या. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलएटीच्या निकालांत आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरही असंच पाहता येतं. मोठ्या फर्मची नावं त्यात वारंवार येतील. त्यांच्याखाली लिहिलेल्या कनिष्ठ वकिलांकडे लक्ष द्या. अशा फर्ममध्ये काही वर्षं काढून स्वतःची प्रॅक्टिस काढलेले तरुण वकील आता पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरातही भेटतात. माझ्या मते छोट्या व्यापाऱ्यासाठी सर्वांत योग्य माणूस तोच. काम माहीत असतं, फाईल स्वतः वाचतो आणि दिल्लीत कुणाला फोन करायचा हेही त्याला ठाऊक असतं.

बहुतेकांना माहीत नसलेली आणखी एक सोय आहे. कलम ३५ प्रमाणे आयोगापुढे पक्षकार स्वतः, किंवा त्याच्या वतीने चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट यांनाही उभं राहता येतं. बाजार कोणता, कुणाचा हिस्सा किती, किमती एकाच वेळी कशा हलल्या, हे आकड्यांचं काम चांगला कॉस्ट अकाउंटंट वकिलापेक्षा नीट मांडतो. तुमचे सीए तयार असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

वकिलाशी बोलायला बसाल तेव्हा सगळ्यांत आधी हितसंबंधाचं विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी हे फार नाजूक असतं. व्यापारी संघटनेचे कायदा सल्लागार, त्यांच्याच भावाची फर्म, किंवा अध्यक्षांच्या जमिनीच्या दाव्यात उभे असलेले वकील, कुणी ना कुणी जोडलेलं निघतंच. सरळ विचारा: 'या संघटनेचं, तिच्या पदाधिकाऱ्यांचं किंवा या कंपनीचं काम तुम्ही करता का, कधी केलं आहे का?' आणि उत्तर लेखी घ्या. कलम ४८ खाली पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः दंड होऊ शकतो, त्यामुळे समोरचा माणूस संघटनेच्या लेटरहेडमागे लपू शकत नाही, आणि म्हणूनच तो ओळखीच्या वकिलाकडून तुमच्या हालचालींचा सुगावा काढायचा प्रयत्न करतो. हे मी वारंवार पाहिलं आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

तुम्ही स्वतःच संघटनेचे सभासद असाल आणि दर ठरवण्याच्या सभेत हात वर केला असेल, तर चित्र वेगळं आहे. तेव्हा तुम्ही फक्त तक्रारदार उरत नाही. कलम ४६ खाली आधी पुढे येऊन कबुली देणाऱ्याला दंडात सूट मिळते: पहिल्याला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत, त्यानंतरच्यांना ३० टक्क्यांपर्यंत. इथे रांगेतला क्रमांकच सगळं ठरवतो, म्हणून दोन सभासदांनी एकच वकील करणं म्हणजे दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. 'आपण सगळे मिळून एकच वकील देऊ' हा संघटनेचा प्रस्ताव कितीही आपुलकीने आला तरी नाकारा.

ज्यांच्यावर आरोप होतो त्यांनाही जवळचा वकील तितकाच लागतो. मार्च २०२५ मध्ये आयोगाच्या अधिकाऱ्यांनी मुंबईसह काही शहरांत जाहिरात एजन्सींच्या कार्यालयांची झडती घेतली. अशा सकाळी दिल्लीचा वकील फोनवर असतो. वॉरंट वाचून, जप्तीच्या यादीवर सही करण्याआधी ती तपासायला दारात हजर राहतो तो शहरातला वकील.

फीबद्दल. निकालावर अवलंबून फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा, असं ठरवायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. असा प्रस्ताव देणाऱ्याकडून उठून या. टप्प्यांप्रमाणे आकडा मागा: माहितीचा मसुदा आणि दाखल करणं, प्राथमिक चर्चा, महासंचालकांपुढची चौकशी, अंतिम सुनावणी, अपील. दिल्लीच्या वकिलाची फी स्थानिक वकिलाच्या फीत धरली आहे की वेगळी, ते आधीच लिहून घ्या. भांडणं इथेच होतात. माहिती दाखल करायची सरकारी फी वेगळी, ती व्यक्तीला कमी आणि कंपनीला उलाढालीप्रमाणे वाढत जाते.

पैशाबाबत एक गैरसमज काढून टाका. आयोगाने केलेला दंड तुम्हाला मिळत नाही, तो सरकारच्या संचित निधीत जातो. तुमच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर आयोगाचा निष्कर्ष आल्यावर कलम ५३एन खाली एनसीएलएटीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. चौकशी चालू असताना कलम ३३ खाली तात्पुरता आदेश मागता येतो, पण तो सहजी मिळत नाही. हे न सांगता 'दंड मोठा होईल' असं रंगवणारा वकील टाळा. चौकशीचा आदेश झाला तर समोरचे उच्च न्यायालयात रिट घेऊन जातील ही शक्यताही धरून चाला. व्होडाफोन-एअरटेलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आयोगाचा चौकशीचा आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो निकाल कायम ठेवला. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली त्याच्या हद्दीत येते. तिथे उभं राहणाऱ्या वकिलाला तुमचा वकील ओळखतो का, एवढं विचारून ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर संघटनेला आणि कंपनीला ती दोन लेखी पत्रं या आठवड्यात पाठवा, मात्र त्यांत 'स्पर्धा आयोग' हा शब्द नको. त्याने कागद गायब होतात. दोन वकिलांना भेटा, हितसंबंधाचा प्रश्न दोघांनाही विचारा. मसुदा इथे करा आणि दिल्लीत नियमित उभं राहणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या, त्या एका वाचनाचे पैसे सत्कारणी लागतात. फाईल बंद झाली तर अपिलाला ६० दिवस असतात. २०२३ च्या दुरुस्तीने माहिती दाखल करायला कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत घातली आहे. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला असला तरी त्यावर विसंबू नका. कंपनीने माल पहिल्यांदा नाकारला ती तारीख कोणती, हे तुमच्या प्रश्नात नाही. ती शोधून काढा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.